बियाण्याची कणगी

वेरावळ बंदर
६ फेब्रुवारी २०२२

दक्षा,

आणि वर मलाच लिहितेस, ‘दादा, या गोष्टीत तू पडू नकोस.’ एवढाच मेसेज. मी तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तू कापलास. म्हणून कागदावर लिहितो. कागद कापता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतो.

पडू नको म्हणजे काय? बारा वर्षं मी पडलेलोच आहे. आधी चिकूच्या वाडीत, मग फुग्याच्या कारखान्यात, मग या बोटीवर. कुठंच माझा पाय टिकत नाही असं तू सगळ्यांना सांगतेस. खरं आहे, नाही टिकत. पण ज्याच्यासाठी पाय हलवत राहिलो ते एकच होतं, ते तुला माहीत आहे.

तुषार परवा आला. काकाचा पोरगा म्हणून मीच तांडेलाला सांगून त्याला आमच्या बोटीवर लावला. बर्फाच्या पेटीवर बसून बिडी पेटवत बोलला, ‘दक्षाला सर्जरी शिकायची सीट लागली होती ना, गेलीच नाही ती.’ असं बोलला जसं कोणी बोलतं की यंदा मिरची बरी झाली नाही. मी आधी हसलो. बोललो, तुला काय कळतं. मग त्याने तारखा सांगितल्या. बावीस जानेवारीला यादी लागली, अठ्ठावीसपर्यंत हजर व्हायचं होतं. त्या सहा दिवसांत मी दर्यात होतो आणि तू आरोग्य केंद्रात बसून तापाच्या गोळ्या वाटत होतीस.

तुला बाबांची जीप आठवते का? मला रोज आठवते. कापणी चालू होती, पोटात दुखतं बोलून ते बांधावर बसले ते उठलेच नाहीत. सायवनहून डहाणूला नेले. तिथं बोलले पोट उघडणारा डॉक्टर नाही, सिल्वासाला न्या. तू तेरा वर्षांची, सलाइनची बाटली वर धरून बसलेली. तळासरीच्या नाक्यावर ते गेले. जीप थांबली तरी तू हात खाली घेतला नाहीस. मी बोललो, दक्षा, आता सोड. तू बोललीस, ‘मी पोटाची डॉक्टर होणार.’ रडली पण नाहीस. मी सहावीत दोनदा बसून शाळेतून पळालेला माणूस, मला एवढंच कळलं की हिला शिकवायची.

पावसाळ्यात बोटी बंद असताना मी घरी जाळं विणायचो, तेव्हा तू माझा नायलॉनचा दोरा घेऊन खाटेच्या पायाला गाठी मारायचीस. एका हाताने. मी तुला चिडवायचो, मी माशाचं पोट फाडतो, तू माणसाचं फाड, धंदा एकच. बोटीवर मला हिरू कोणी बोलत नाही, डॉक्टरणीचा भाऊ बोलतात. आता त्यांना काय सांगू?

खरं सांग. कोणी आवडला का? तो नको बोलला का? की तिसऱ्या लाटेला घाबरलीस? घाबरली असशील तर मी समजेन. पण मला न सांगता सोडलीस, हा दगा आहे. दुसरा शब्द मला येत नाही.

हिरू

*

आरोग्य केंद्राचं क्वार्टर
१२ फेब्रुवारी २०२२

दादा,

दरवेळी पहिल्या ओळीत नमस्कार लिहिते. आज लिहवत नाही.

कोणी आवडलेलं नाही. घाबरलेही नाही. मी सीट सोडली असं तुषारला मीच सांगितलं, कारण गावात खरं सांगायची लाज वाटली. तुला मात्र खरं माहीत असणार, म्हणून मेसेज तेवढाच केला.

यादी लागली तेव्हा मी एका आजीचं ड्रेसिंग करत होते. मुंबईचं सरकारी कॉलेज, जनरल सर्जरी. दोनदा वाचलं. हातमोजे काढून पुन्हा वाचलं. हजर होताना मूळ कागद हवेत: डिग्री, इंटर्नशिप, जातीचा दाखला आणि पडताळणीचा दाखला. सगळे त्या हिरव्या फाइलमध्ये आहेत, आणि फाइल घरी पेटीत, बाबांच्या घोंगडीखाली. दुसऱ्या दिवशी घरी गेले. घोंगडी होती. फाइल नव्हती.

मी माळा उपसला, पेंढा उपसला, कोंबड्यांचा डालगा उलटा केला. आई ओसरीवर नागली पाखडत बसली होती. विचारलं तर म्हणाली, ‘मला नाही माहीत.’ सुपातून मान वर केली नाही. मी चिडले आहे म्हणून घाबरली असेल असं वाटलं.

सत्तावीसला झेरॉक्स घेऊन मुंबईला गेले. तिथला क्लार्क भला होता. म्हणाला, ‘मॅडम, मला वाईट वाटतं, पण झेरॉक्सवर मी नाव नाही घेऊ शकत.’ पडताळणीच्या दाखल्याची दुसरी प्रत काढायला किती महिने लागतात ते तुला ठाऊक आहे, पहिल्या वेळी ठाण्याच्या खेपा तूच घातल्या होत्यास. अठ्ठावीसला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी बाकावर बसले होते. पाचनंतरही थोडा वेळ बसले.

आता मी विचारते. मागच्या एप्रिलमध्ये मला ऑक्सिजन लागला होता. तू खाटेशी बसून म्हणालास, ‘यातून उठलीस तर तुझे कागदच नेऊन दर्यात टाकतो, करायची नाही असली डॉक्टरकी.’ तेव्हा मी हसले होते. फाइल मी शेवटची दिवाळीत पाहिली. दिवाळीला तू घरी होतास.

टाकली असशील तर सांग, म्हणजे मी वाट बघणं थांबवेन. ठेवली असशील तर पाठव. दुसऱ्या फेरीची यादी महिनाअखेरीस आहे. आई म्हणते दादाचं मन मोडू नको. माझं कोणी मोडलं ते ती विचारत नाही.

दक्षा

*

वेरावळ
१७ फेब्रुवारी

दक्षा,

चोर बोललीस मला. शब्द लिहिला नाहीस, शिकलेली आहेस ना, पण बोललीस तेच.

पत्र मी उभ्यानेच वाचलं, डिझेल भरत होते तेव्हा. तांडेल विचारतो काय झालं, घरी कोणी गेलं का. बोललो, नाही, मीच गेलो.

मी तुझी फाइल बघितली नाही, उघडली नाही, पेटीला हात लावला नाही. दर्याची शपथ. दर्याची खोटी वाटत असेल, कारण रोज त्याला शिव्या घालतो, तर आपल्या धानदेवीची, कणसरीची शपथ. घरातल्या दाण्याची शपथ. मी कागद नेले असतील तर आपल्या कणगीत दाणा राहू नये. याच्यापुढे माझ्याकडे शपथ नाही.

एप्रिलमध्ये बोललो ते बोललो. तू मासळीसारखी तोंड उघडून श्वास घेत होतीस. अशा वेळी माणूस काय बोलतो त्याचा हिशोब करायचा असतो का? आणि नेऊन टाकायचे असते तर ठाण्याला सात खेपा घालून ते कागद काढले कोणी? एकदा तर त्या साहेबाने मला शिपाई समजून चहा आणायला पाठवला. आणला मी. तोही चहा तुझ्याच दाखल्यात आहे.

तुषारची बॅग मी उपसली. त्यात दोन लुंग्या, एक चार्जर आणि कोणा पोरीचा फोटो. फाइल नाही. फोटो बघितला म्हणून तो दोन दिवस बोलत नाही माझ्याशी. आता घरात आणि बोटीवर सगळ्यांनी तोंड फिरवलं.

तू शोध. नीट शोध. आईला जवळ घेऊन विचार, ती तुझ्या आवाजाला घाबरते. मी तर उलट आईला बजावून ठेवलं होतं की दक्षावर लक्ष ठेव, तिला एकटी सोडू नको. आणि तू मला असं लिहितेस.

आज दुपारी बोट सुटते. वीस-बावीस दिवस रेंज नाही. तोवर फाइल मिळाली तर माझी माफी मागू नको. फक्त वर दादाला नमस्कार लिही, पहिल्यासारखा.

हिरू

*

सायवन
२५ फेब्रुवारी

हिरूस आईचा आशीर्वाद. लिहिणार अंगणवाडीची कविता. आई बोलते तसंच लिहिते, माझं काही घालत नाही.

हिरू, तुझं पत्र काल दक्षाने मला वाचून दाखवलं. तू कणसरीची शपथ घेतलीस तिथं ती आली आणि मी उठून मागल्या दारी गेले. दक्षा बोलली, काय झालं. मी बोलले, धूर लागला. चूल तर पेटवलेली नव्हती.

शपथ का घेतलीस रे? तूच तर सांगितलंस.

संक्रांतीच्या आधी तुझा फोन आला होता, कविताच्या फोनवर. मी तेव्हा बियाण्याची कणगी लिंपत होते, शेणाच्या हातानेच फोन घेतला. तू बोललास, आई, टीव्हीत बघितलं, मुंबईत शिकाऊ डॉक्टर शेकड्याने पडतायत, दक्षाला आता कुठं जाऊ द्यायची नाही. तिचे कागद लपवून ठेव. मी आल्याशिवाय देऊ नको. तिला सांगू नको, ती रडून मागेल आणि तू देशील. मी बोलले, बरं. तू बोललास, शब्द दे. मी शब्द दिला.

तुझे बाबा गेल्यापासून या घरात थोरल्याचा शब्द चालतो. मला वाचता येत नाही. कोणता कागद कसला ते मला काय ठाऊक? अख्खी फाइल घेतली, कडुलिंबाचा पाला घातला, माझ्या लग्नाच्या लुगड्यात बांधली आणि बियाण्यात खोल ठेवून वरून लिंपलं. बोलले, कणसरीपाशी ठेवते, यापेक्षा चांगली जागा नाही. बियाण्याची कणगी पेरणीला फुटते आणि घरच्या पुरुषाच्या हाताने फुटते. तू जूनला येशील, तू फोडशील, तू देशील. तोवर रोग पण जाईल. असं माझं डोकं.

मग पोरगी आली आणि घर उलटं करून शोधू लागली. तिने डालगा उलटा केला, मी नागली पाखडत राहिले. मी ‘माहीत नाही’ बोलले. शब्द दिलेला. त्या दिवसापासून महिना संपेपर्यंत रोज संध्याकाळी कविताकडे जाऊन तुला फोन लावायला सांगितला. आत एक बाई गुजरातीत काहीतरी बोलायची आणि बंद व्हायचा. मी त्या बाईला पण सांगितलं, हिरूला निरोप दे, बोल, सोड मला शब्दातून.

(कविता लिहिते: सोळा वेळा लावला, हिरूदादा. खरंच.)

मग वाटलं, बंदरात आलास की तूच करशील. तू सहाला बंदरात होतास. दक्षाला पत्र लिहिलंस. आईला एक फोन केला नाहीस. केला असतास तर मी विचारलं असतं.

आता मी कोणाला काय सांगू? तिला सांगितलं तर तू वाईट ठरतोस. नाही सांगितलं तर ती मरते. तू कणसरीची खोटी शपथ घेतलीस, ती पण तिच्याच पोटात फाइल असताना. ती फेडावी लागेल. मी कोंबडी बोलले आहे तुझ्या नावाने. तू आलास की कर.

एवढंच. अंगठा लावते.

(हिरूदादा, हे कविताचं. आई बोलली दक्षाताईला सांगायचं नाही. मी आईला हो बोलले आहे. पण हे पत्र पेटीत टाकून मी सरळ आरोग्य केंद्रावर जाणार आहे. माझा शब्द मोडला तर कोणाचं काही अडत नाही.)

*

आरोग्य केंद्र
६ मार्च २०२२

दादा,

हे वाचशील तोवर आईचं पत्र तुला मिळालेलं असेल. कविताने मला त्याच दिवशी सांगितलं. ती धापा टाकत आली, मास्क हनुवटीवर, आणि म्हणाली, ‘ताई, मी पाप करते, ऐकून घ्या.’

मी घरी गेले. आई कणगीपाशीच बसली होती, जणू मी येणार ते तिला ठाऊक होतं. मी विळा घेतला. तिने मला अडवलं नाही. फक्त एवढं म्हणाली, ‘हिरूच्या हाताने फुटते गं ती. बियाणं बाटेल.’

मी म्हटलं, ‘बाटू दे.’

लिंपण इतकं पक्कं होतं की पाच-सहा घाव घालावे लागले. मी खांद्यापर्यंत हात घातला. भाताच्या आत ऊब असते, ते मी विसरले होते. लुगड्याची गाठ हाताला लागली. फाइल कोरडी होती, एका कागदालाही कसर लागली नव्हती. आईने जगातल्या कुठल्याही कपाटापेक्षा नीट ठेवली होती. मी तिथेच भातात बसून रडले आणि आई माझ्या केसांतून दाणे वेचत बसली. ते वेचलेले दाणे तिने पुन्हा कणगीत टाकले.

दुसऱ्या फेरीला फाइल घेऊन बसले. पण पहिल्या फेरीतली माझी जागा दुसऱ्याला गेली होती, आणि सर्जरी माझ्या नंबरापर्यंत आलीच नाही. मला शरीररचना मिळत होती. मेलेल्या माणसाचं पोट उघडून शिकवायचं. मी ती घेतली नाही. या वेळी मात्र मी खरोखरच सोडली, तुषारला तसं सांग.

आईवर मी रागावलेली नाही. तिला शब्द पाळता येतो, कागद वाचता येत नाही. तुझ्यावर रागावले आहे आणि ते का, ते नीट वाच. तू घाबरलास म्हणून नाही. एप्रिलमध्ये तू माझ्या खाटेशी तीन दिवस बसला होतास, तुझी भीती मी पाहिली आहे. पण जानेवारीत भीती वाटली तेव्हा तू मला फोन केला नाहीस, आईला केलास. दहा वर्षं तू सगळ्यांना सांगत आलास की आमच्या घरात दक्षा ठरवते. आणि ठरवायची वेळ आली तेव्हा मी घरातली पोरगी झाले. जिला सांगायचं नसतं, कारण ती रडून मागेल.

आणि मग विसरलास. ते जास्त लागलं. माझं वर्ष गेलं ती गोष्ट तुझ्या ध्यानातही राहिली नाही, आणि तू मला दगा म्हणालास.

मंगळवारी रानशेतची एक बाई आली. पोट फळीसारखं कडक. मी हात ठेवला आणि मला कळलं आत काय आहे. मी ते उघडू शकत नव्हते. सिल्वासाला पाठवली, सोबत मीही गेले. तळासरीचा नाका आला तेव्हा मी बाहेर बघितलं नाही, बाटलीकडे बघत राहिले. बाई वाचली. दुसऱ्याच्या हाताने.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म पंचवीस मार्चपर्यंत आहे. पुन्हा तीच पुस्तकं, त्याच रात्री. भरेन की नाही मला ठाऊक नाही. इतकं दमल्यासारखं ऑक्सिजनवर असतानाही वाटलं नव्हतं. तू पैसे पाठवू नकोस. मला पगार आहे.

दक्षा

*

वेरावळ
१२ मार्च २०२२

दक्षा,

काल आलो. बोटवाल्यांचं टपाल ठेवतात त्या दुकानात दोन पत्रं होती, आईचं आणि तुझं. आईचं आधी वाचलं कारण अक्षर ओळखीचं नव्हतं, वाटलं आई गेली. वाचून झाल्यावर तुझं फोडायला हात होईना. तुषारला बोललो, तू वाच. तो बोलला, तुझी बहीण, तूच वाच. बरोबर बोलला.

फोन केला तो आठवला. शपथ घेताना मुद्दाम विसरलो असं नाही, खरंच डोक्यात नव्हता. चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता, पांढऱ्या कपड्यातली पोरं-पोरी स्ट्रेचरवर, आणि एका पोरीचे केस तुझ्यासारखे. तेव्हा तुमच्या जागांचं सगळं कोर्टात अडकलंय एवढंच मला माहीत होतं. वाटलं, ही लाट जाऊ दे, मग बघू. टपरीवाल्याला चहाचे दिले, आईला फोन केला, बर्फ चढवला, बोट सुटली. मी तोंडातून काढलं आणि माझ्यासाठी ते संपलं. तिकडे आईने त्याच्यावर शेण लिंपलं. माझा शब्द एवढा भारी आहे हे मला कोणी कधी सांगितलं नाही. इथं तर माझ्या शब्दावर कोणी जाळं पण ओढत नाही.

मी दगा झाला दगा झाला बोलून अख्ख्या बोटीला सांगितलं होतं. आता तांडेलाला खरं सांगितलं. त्याने जाळ्यातला खेकडा सोडवून टोपलीत टाकला. मग बोलला, ‘म्हणजे वारा पण तूच आणि बुडवलं पण तूच.’

एक गोष्ट मनात राहिली होती, की तू मला चोर समजलीस. आता वाटतं, चोराने तरी हाताने नेलं असतं. मी आईच्या हाताने करवलं.

शपथेची कोंबडी मी आल्यावर देईन. बियाणं बाटलं नाही असं आईला सांग. आणि तिला हे पण वाचून दाखव, मोठ्याने: यापुढे ती कणगी दक्षाच्या हाताने फुटेल. मी नसलो तरी, असलो तरी. हा पण थोरल्याचा शब्द आहे, आणि आई शब्द पाळते.

तू फॉर्म भर असं मी बोलत नाही. मला तो हक्क राहिला नाही. भरला नाहीस तर मी गप्प राहीन, तुषारच्या समोर पण. पण मी कविताला फोन करून विचारलं, फी किती आहे. तिने आरोग्य केंद्राच्या कॉम्प्युटरवर बघून सांगितली. तुला पगार आहे ते मला ठाऊक आहे. जास्त पाठवले तर तू परत पाठवशील, कमी पाठवले तर बोलशील दादाला हिशोब पण येत नाही. म्हणून मोजून तेवढेच पाठवतोय, तुझ्या खात्यात नाही, मनीऑर्डरने, म्हणजे तुला सही करून घ्यावे लागतील किंवा पोस्टमनला तोंडाने ‘नाही’ असं बोलावं लागेल. दोन्हीतलं जे असेल ते तूच ठरव.

तीन हजार आठशे पस्तीस रुपये.